उन्हाची आणेवारी

जळगाव जिल्ह्यातल्या रावेर-यावल पट्ट्यात मे महिन्यात गेलात, तर केळीच्या बागांच्या कडेला हिरवी जाळी ताणलेली दिसते. जाळी परवडत नाही तिथे जुन्या साड्या बांधतात, किंवा आधीच लावून ठेवलेली शेवरी नाहीतर गजराज गवताची दाट कड वारा अडवत असते. घडावर केळीचीच वाळलेली पानं बांधून सावली करतात. गरम वारा लागला की पानं फाटतात, घड सटकतात आणि वर्षभर जपलेली बाग आठ-पंधरा दिवसांत हातची जाते. म्हणूनच हवामानावर आधारित फळपीक विम्यात केळीसाठी उन्हाची वेगळी तरतूद आहे. महसूल मंडळातल्या, म्हणजे तालुक्यातल्या काही गावांच्या गटातल्या, हवामान केंद्रावर पारा ठरलेल्या अंशांच्या वर ठरलेले दिवस सलग राहिला, की त्या मंडळातला विमाधारक शेतकरी भरपाईला पात्र ठरतो. उन्हाने किती नुकसान झालं हे कुणी बागेत येऊन ठरवावं लागत नाही, यंत्रातला आकडा पुरतो. पैसे हाती पडायला उशीर होतो, त्यावरून आंदोलनंही होतात, हे खरं. पण नियम काय आहे हे गावातल्या शेंबड्या पोरालाही माहीत असतं.

त्याच बागेत, त्याच दुपारी, कापलेले घड खांद्यावरून रस्त्यावरच्या गाडीपर्यंत आणणारे मजूर असतात. मंडळ तेच आणि पाराही तोच, पण त्या पाऱ्यावर मजुरांसाठी आपोआप काहीच सुरू होत नाही. फार तर कुणाच्या तरी मोबाइलवर संदेश येतो: दुपारी 12 ते 4 घराबाहेर पडू नका, भरपूर पाणी प्या, सैल सुती कपडे घाला. काम केलं तरच संध्याकाळी ज्याची चूल पेटते, त्याने हा संदेश वाचून नेमकं काय करायचं?

महावेध प्रकल्पाची स्वयंचलित हवामान केंद्रं राज्यातल्या 2,000 हून अधिक महसूल मंडळांत उभी आहेत. तापमान, आर्द्रता, पाऊस, वारा सगळं तिथे नोंदलं जातं. म्हणजे ऊन मोजायची सोय आपल्याकडे आहे, आणि मोजलेल्या आकड्यावरून पैसे देण्याची पद्धतही आहे. पिकासाठी हे उभं राहिलं ते योग्यच झालं. माणसासाठी ते का उभं राहिलं नाही, हा माझा प्रश्न आहे.

मला सापडलेलं उत्तर असं, की ऊन कुठल्याच एका खात्याचं नाही. हवामान खातं इशारा देतं. आरोग्य खातं उष्माघात कक्ष उघडतं, दोन खाटा आणि एक कूलर लावतं. शिक्षण खातं शाळा सकाळची करतं. महापालिका पाणपोया मांडते, नागपुरात तर काही चौकांत सिग्नलपाशी हिरवी जाळी लावून सावली करते. कामगार खातं परिपत्रक काढतं. यातलं एकही काम खोटं नाही, आणि ती करणारी माणसं, विशेषतः भर उन्हात ओआरएसची पाकिटं घेऊन फिरणाऱ्या आशाताई, मनापासून राबतात. पण ज्याला ऊन लागतं तो माणूस या सगळ्या खात्यांच्या मधल्या फटीत पडतो. तो पडला की विचारायचं कुणाला, हे कुठल्याही कागदावर लिहिलेलं नाही.

मेलेल्यांचा आकडासुद्धा एक नाही. 2015 ते 2022 या वर्षांत देशात उन्हाने किती माणसं गेली? राष्ट्रीय रोग नियंत्रण केंद्राच्या नोंदीप्रमाणे 3,812. हवामान खात्याच्या वार्षिक अहवालांप्रमाणे 3,436. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाप्रमाणे 8,171. देश एकच आणि ऊनही तेच, पण रुग्णालयातून आलेली नोंद वेगळी, बातम्यांवरून धरलेली वेगळी आणि पोलिसांच्या वहीतली वेगळी. तिन्ही कार्यालयं दिल्लीतच आहेत. त्यांनी एका टेबलाशी बसून एक आकडा ठरवलेला नसेल, तर तालुक्याच्या गावी सात खाती आपसूक एकत्र येतील ही अपेक्षा कशाच्या जोरावर करायची?

शिवाय हे तिन्ही आकडे कमीच असणार. उन्हाने मरणारा प्रत्येक माणूस रस्त्यावर कोसळत नाही. पत्र्याच्या खोलीत झोपलेला सत्तर वर्षांचा मधुमेही म्हातारा पहाटे जातो, आणि डॉक्टर हृदयविकार लिहितात. त्यात त्यांची लबाडी नसते, हृदय खरोखरच बंद पडलेलं असतं. खरा आकडा कळायला वेगळी रीत लागते. 2010 च्या मे महिन्यात अहमदाबादेत पारा 46.8 अंशांवर गेला. पुढे अभ्यासकांनी महापालिकेच्या मृत्यूनोंदी काढून त्या महिन्याची आजूबाजूच्या वर्षांच्या मे महिन्यांशी तुलना केली, तेव्हा एकट्या त्या शहरात नेहमीपेक्षा 1,344 मृत्यू जास्त निघाले. यासाठी काही मोठी प्रयोगशाळा लागली नाही. जन्म-मृत्यू नोंदणीचं रजिस्टर प्रत्येक महापालिकेत आणि ग्रामपंचायतीत असतं. उन्हाळा संपल्यावर ते उघडून बसायची जबाबदारी कुणावर तरी टाकावी लागते, इतकंच.

आता महाराष्ट्रालाच नीट ठाऊक असलेल्या एका गोष्टीकडे वळतो. दुष्काळ हाताळायची आपल्याकडे जुनी घडी आहे. ती 1972 च्या दुष्काळात तावूनसुलाखून निघाली, आणि त्यातूनच देशाला रोजगार हमी मिळाली. त्या घडीच्या मुळाशी एक आकडा असे, पैसेवारी: गावातलं पीक नेहमीच्या मानाने रुपयात किती पैसे आलं, त्याचं माप. सरकारी कागदावर पैसेवारी, गावात अजूनही आणेवारी. ती 50 पैशांच्या आत आली की पुढच्या गोष्टी ठरलेल्या: जमीन महसुलात सूट, सहकारी कर्जाचं पुनर्गठन, शेतीकर्जाच्या वसुलीला स्थगिती, कृषिपंपाच्या चालू वीजबिलात 33.5 टक्के सूट, विद्यार्थ्यांची परीक्षा फी माफ, रोजगार हमीच्या निकषांत शिथिलता, गरज असेल तिथे टँकर, आणि टंचाईच्या गावात पंपाची वीज न तोडणं. ही यादी पुन्हा वाचा. महसूल, सहकार, ऊर्जा, शिक्षण, रोजगार हमी, पाणीपुरवठा, इतकी खाती तिच्यात आहेत. त्यांना एकमेकांच्या दारात जावं लागत नाही. आकडा एक, आदेश एक, आणि जिल्ह्यात त्याचा मालक एक: जिल्हाधिकारी.

समन्वय म्हणतात तो हाच. बैठक बोलावणं, चहा, इतिवृत्त आणि 'सर्व संबंधित विभागांनी दक्षता घ्यावी' हे शेवटचं वाक्य, याला मी समन्वय म्हणायला तयार नाही. ज्या वाक्यात कर्त्याचं नाव नाही ते वाक्य उन्हात कुणालाच सावली देत नाही.

माझं म्हणणं असं, की उन्हाचीही आणेवारी ठरवावी. प्रत्येक जिल्ह्यासाठी पारा, दमटपणा आणि रात्रीचं तापमान मिळून तीन पायऱ्या ठरवाव्यात, आणि त्या-त्या पायरीवर कोणतं खातं काय करील याचे आदेश मार्चमध्येच सही करून ठेवावेत. केंद्रावर आकडा ओलांडला की आदेश लागू, आकडा उतरला की मागे. दुष्काळाच्या घडीत एक मोठा दोष होता तो इथे येऊ द्यायचा नाही. अंतिम पैसेवारी यायला डिसेंबर उजाडे, ती जाहीर करण्यात राजकारण शिरे, म्हणून पुढे 2016 च्या दुष्काळ संहितेने निकषच बदलले. दुष्काळ महिन्यांनी मारतो, ऊन तासांत मारतं. त्यामुळे उन्हाच्या बाबतीत समितीने बसून ठरवायला वावच ठेवू नये.

अधिकार नाहीत असं कुणी म्हणू नये. 2005 च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याने जिल्हाधिकाऱ्याला जिल्हा प्राधिकरणाचा अध्यक्ष केलं आहे. 2020 साली त्या अधिकारांचा हात किती लांब पोचतो हे आपण सगळ्यांनी पाहिलं. दुकानं कधी उघडायची आणि लग्नाला किती माणसं, हेही त्या सहीने ठरत होतं. त्याच सहीने मे महिन्यात दुपारचं डांबरीकरण थांबवता येईल.

डांबरीकरणापाशी जरा थांबतो, कारण सगळी गोम तिथेच आहे. उन्हाळा हा सरकारी कामांचा हंगाम. पावसाळ्याआधी रस्ता, नाला, पूल उरकायचा असतो. ठेकेदाराच्या करारनाम्यात मुदत असते आणि मुदत चुकली की दंड. कामगार खात्याचं परिपत्रक त्याच्या हातात आलं, तरी दुपारी काम बंद ठेवल्याबद्दल बांधकाम खातं मुदतवाढ देईल याची त्याला खात्री नसते. मुकादमाला रोजच्या कामाचं माप द्यायचं असतं. मजुराला काम झालं तर हजेरी. म्हणजे सरकारचा एक हात सांगतो थांब, आणि दुसरा हात थांबल्याबद्दल दंड लावतो. हे सुधारायला करारनाम्यात एक कलम पुरे: उन्हाच्या वरच्या पायरीवर दुपारी 12 ते 4 काम बंद, ते तास मुदतीतून वजा, आणि त्या तासांच्या मजुरीचा ठरलेला भाग अंदाजपत्रकातच धरलेला. अतिवृष्टीत काम थांबलं तर मुदतवाढीचा विचार होतोच. उन्हाला तोच न्याय लावायचा आहे. पण हे कलम आरोग्य खातं लिहू शकत नाही, कामगार खातंही नाही. ते बांधकाम आणि वित्त या खात्यांनी मिळून लिहायचं आहे, आणि उन्हाच्या बैठकीत नेमकी हीच दोन खाती मागच्या खुर्च्यांवर असतात.

मजुरी बुडण्याचा प्रश्न सुटल्याशिवाय बाकी सगळा उपदेश आहे. सेवा या बायकांच्या संघटनेने 2024 च्या उन्हाळ्यात राजस्थान, गुजरात आणि महाराष्ट्रातल्या सुमारे 50 हजार बायकांसाठी एक व्यवस्था करून दाखवली: पारा 40 अंशांपलीकडे ठरलेल्या मर्यादेला पोचला की खात्यात 400 रुपये. रक्कम छोटी आहे. पण भाजीची टोपली एक दिवस घरी ठेवायची की नाही, हा निर्णय त्या बाईच्या हातात येतो. एक संघटना जे करू शकते ते राज्याला जमणार नाही असं मी मानत नाही.

अहमदाबादकडे परत येतो, कारण 2010 च्या त्या महिन्यानंतर त्या शहराने हातपाय हलवले. 2013 मध्ये महापालिकेने गांधीनगरच्या सार्वजनिक आरोग्य संस्थेसारख्यांना बरोबर घेऊन उष्णतेचा कृती आराखडा केला, दक्षिण आशियातला पहिला. त्यात एक समन्वय अधिकारी नेमला आणि शहराच्या स्वतःच्या मृत्यूनोंदी पाहून पायऱ्या ठरवल्या: 41.1 अंशांपासून पिवळा, 43.1 पासून नारिंगी, 45 पासून लाल. तिथल्या एका सार्वजनिक रुग्णालयात नवजात बाळांचा विभाग सर्वांत वरच्या मजल्यावर, तापलेल्या छताखाली होता. उन्हाळ्यात तिथे तापाने फणफणलेली बाळं वाढायची. विभाग खालच्या मजल्यावर आणला आणि ते प्रमाण घटलं. औषध बदललं नव्हतं. बाळांचा आजार छतामुळे आहे हे कुणीतरी ओळखलं, आणि खाटा हलवायचा अधिकार असलेल्या माणसापर्यंत ते पोचलं.

त्यानंतर देशभर आराखडे निघाले, नागपूरचाही त्यातला लवकरचा. पण 2023 मध्ये सेंटर फॉर पॉलिसी रिसर्च या संस्थेने असे 37 आराखडे तपासले, तेव्हा पैसा कुठून येणार याचा उल्लेख फक्त 11 आराखड्यांत सापडला, आणि सर्वाधिक धोका कुणाला आहे याची पाहणी मांडणारे दोनच निघाले. स्थानिक हवामानाला धरून पायऱ्या ठरवणारे आराखडेही 10 च्या घरात. बाकीच्यांनी देशभराचा एकच निकष उचललेला.

स्थानिक पायरीचं महत्त्व आपण फार मोठी किंमत मोजून शिकलो आहोत. 16 एप्रिल 2023 ला खारघरच्या उघड्या मैदानावर महाराष्ट्र भूषण पुरस्काराचा सोहळा झाला. लाखो माणसं सकाळपासून दुपारपर्यंत उन्हात बसून होती. चौदा जण गेले. जवळच्या केंद्रावर पारा 38 अंशांच्या आसपास होता. चंद्रपूर-अकोल्याच्या माणसाला 38 म्हणजे एप्रिलमधला बरा दिवस वाटेल. पण कोकणपट्टीच्या दमट हवेत घाम सुकत नाही, आणि घाम सुकला नाही तर शरीर थंड होत नाही. विदर्भातला आकडा तिथे लावणं म्हणजे ओल्या आणि कोरड्या लाकडाला एकाच वेळात जाळायला निघण्यासारखं आहे. त्या घटनेनंतर दुपारी 12 ते 5 उघड्यावर कार्यक्रम नकोत, असा निर्णय सरकारने केला. तो कुठल्याही जिल्हाधिकाऱ्याला आदल्या आठवड्यातही करता आला असता, जर पायरी ठरलेली असती आणि पायरीपुढे सरकारी सोहळाही मोठा नाही हे लिहिलेलं असतं. पुढच्याच वर्षी लोकसभेच्या शेवटच्या टप्प्यात एकट्या उत्तर प्रदेशात मतदानाच्या कामावरची 33 माणसं उन्हाने दगावली. सरकार स्वतः माणसं उन्हात बोलावतं, तेव्हा त्याला अडवणारा अधिकारी कोण, याचं उत्तर आराखड्याच्या पहिल्या पानावर हवं.

पैशाचं म्हणाल तर, राज्य आपत्ती प्रतिसाद निधीसाठी केंद्राने अधिसूचित केलेल्या आपत्तींच्या यादीत थंडीची लाट फार वर्षांपासून आहे. उष्णतेची लाट तिच्यात घ्यावी अशी मागणी 15 व्या वित्त आयोगापुढे आली, आणि आयोगाला यादी वाढवायची गरज वाटली नाही. तरीही राज्यांना स्थानिक आपत्ती ठरवून निधीचा दहावा हिस्सा वापरता येतो. ओडिशाने 1998 च्या उन्हाळ्यात 2,000 हून अधिक माणसं गमावली होती. त्या राज्याने उष्णतेची लाट 2015 मध्ये राज्याची आपत्ती ठरवली. तमिळनाडूने ऑक्टोबर 2024 मध्ये ठरवली आणि मृताच्या वारसांना 4 लाखांची मदत लागू केली. मदत लागू झाली की एक गोष्ट आपोआप घडते: घरचे लोक मृत्यूची नोंद मागायला येतात, आणि नोंद करणाऱ्याला खरं कारण शोधावं लागतं. आकडे सुधारायचा हाही एक रस्ता आहे.

सगळे आदेश उघड्यावरच्या कामापुरते राहिले तर निम्मं ऊन आपण मोजलंच नाही. गेल्या मे महिन्यात नागपुरातल्या एका वस्तीत रात्री साडेदहाला गेलो होतो. एका आजीबाईंच्या खोलीत बसलो. वर पत्रा, भिंत एका विटेची. भिंतीला पाठ टेकली आणि चटकन पुढे सरकलो, इतकी ती तापलेली होती. आजींनी फरशीवर दोन तांबे पाणी शिंपडलं, चवाळं ओलं करून खाटेवर पसरलं. कोपऱ्यात कूलर होता, वाळ्याच्या ताट्या कोरड्या ठणठणीत. दोन महिन्यांचं बिल थकलं म्हणून जोडणी तोडली होती. "पंखा असता तं डोळा लागला असता," एवढंच त्या म्हणाल्या. अशाच खोल्यांमध्ये विड्या वळणाऱ्या, पापड लाटणाऱ्या, शिवणकाम करणाऱ्या बायका दिवसभर बसतात. दुपारी घराबाहेर पडू नका हा सल्ला त्यांनी पाळलेलाच असतो.

टंचाईच्या यादीतलं शेवटचं कलम इथे आठवा: पंपाची वीज तोडायची नाही. पिकासाठी जे आपण मान्य केलं, ते उन्हाच्या वरच्या पायरीवर घरगुती जोडणीला लावायचं. बिल माफ करा असं मी म्हणत नाही. तोडणी पावसाळ्यापर्यंत थांबवा, आणि भारनियमन करायचंच झालं तर रात्रीचे तास सोडून करा. हे महावितरणने एकट्याने ठरवायचं नाही, जिल्ह्याच्या आदेशात ते यायला हवं.

2003 च्या ऑगस्टमध्ये फ्रान्समध्ये उन्हाने सुमारे 15,000 माणसं गेली, बहुतेक एकटे राहणारे म्हातारे. पुढच्याच वर्षी तिथे राष्ट्रीय योजना आली आणि गावोगावच्या नगरपालिकांनी एकट्या वृद्धांची नोंदवही ठेवायची असं ठरलं. इशारा आला की त्या वहीतल्या माणसांना फोन करायचा. आपल्याकडे अशी वही कुणीतरी नव्याने करावी लागणार नाही. आशाताईला गल्लीतली प्रत्येक गरोदर बाई माहीत असते, अंथरुणाला खिळलेला म्हातारा माहीत असतो, कोणाकडे पत्रा आहे आणि कोणाकडे स्लॅब हेही. तिच्याकडून फक्त यादी मागवू नका. वरच्या पायरीवर तिच्या फेऱ्यांचा वेगळा मोबदला ठरवा, तिला सकाळी सात आणि संध्याकाळी सहाची वेळ द्या, आणि तिने सांगितलेल्या घरापर्यंत गाडी पाठवणारा माणूस कोण ते तिला नावानिशी कळवा. ऊन लागलेल्या माणसाला आधी जागीच थंड करावं लागतं, पाणी ओतून, बर्फ लावून. आशाताईच्या पिशवीत ओआरएस असतो, बर्फ नसतो. गावातल्या दूध संकलन केंद्रात किंवा मासळीवाल्याकडे तो असतो. वरच्या पायरीवर त्यांनी तो द्यायचा आणि ग्रामपंचायतीने पैसे चुकते करायचे, एवढी एक ओळ आदेशात बसते.

आणि जागाही तयार आहे. दरवर्षी जिल्ह्याचा टंचाई आराखडा होतो तो तीन टप्प्यांत: ऑक्टोबर ते डिसेंबर, जानेवारी ते मार्च, एप्रिल ते जून. तहसीलदार, गटविकास अधिकारी, पाणीपुरवठ्याचे अभियंते गावनिहाय तक्ता भरतात: विहीर अधिग्रहण, विंधन विहीर, टँकर, अंदाजे खर्च. तिसऱ्या टप्प्याच्या त्या तक्त्यात अजून चार रकाने घाला: उन्हाची पायरी, कामबंदीचे तास, बर्फ आणि गाडी कुठून, जबाबदार अधिकाऱ्याचं नाव. पुढचा आराखडा मंजुरीला जाईल तेव्हा तुमच्या जिल्ह्यात ते रकाने भरले आहेत का, हे पालकमंत्र्यांना जिल्हा नियोजन समितीच्या बैठकीत विचारायला सांगा, तुमच्या जिल्हा परिषद सदस्याला.